आधी सराव बघा, मग पथक निवडा

पथकात जायचं का, हा विषय अमेरिकेतल्या मराठी घरांत बहुधा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी निघतो. एखाद्या शाळेच्या पार्किंगमध्ये का होईना, पालखी निघालेली असते, तीस-चाळीस ढोल एकदम घुमलेले असतात आणि तो ठोका छातीतून अजून गेलेला नसतो. मग मंडळाच्या कार्यकर्त्यांचे फोन वाजू लागतात. आम्हाला घेतील का? वयाची अट आहे का? आधी काही यावं लागतं का? मोठ्या शहरांच्या आसपास आता एकाहून जास्त पथकं उभी राहिली आहेत, त्यामुळे पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: यातलं कुठलं? घरापासून इतक्या लांब येऊन आपल्या माणसांना असा प्रश्न पडावा, याचा मला फार आनंद वाटतो.

माझं उत्तर ठरलेलं आहे. मिरवणूक बघून पथक निवडू नका, सराव बघून निवडा. फेटे बांधलेले, झब्बे एकसारखे, पुढे भगवा ध्वज, अशा थाटात सगळीच पथकं देखणी दिसतात. पथकाचा खरा स्वभाव कळतो तो जुलैतल्या एखाद्या रविवारी, घामाच्या टीशर्टमध्ये, पाचव्यांदा चुकलेला हात सहाव्यांदा घेताना.

हात म्हणजे तालाचा ठरवून बसवलेला तुकडा. पहिला हात, दुसरा हात, तिसरा हात असे ते चढत जातात. पुढच्या ताशावाल्याने बोटं वर केली, की मागच्या रांगांना कळतं आता काय येणार ते. हे सगळं घडलं पुण्यात. ढोल-ताशा महाराष्ट्रात गावोगावी होताच. जत्रेत, पालखीपुढे, वरातीत तो वाजतच होता. १८९३ मध्ये लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक चळवळीचं रूप दिलं आणि मिरवणुका मोठ्या होत गेल्या. पुढे ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग, नूमवि अशा शाळांच्या पथकांनी या वादनात रांग आणली, गणवेश आणला, बर्ची आणि लेझमीची जोड दिली. मुली कमरेला ढोल बांधून लक्ष्मी रस्त्यावर उतरल्या. वाद्यपूजन झालं की मुठेच्या काठी नदीपात्रात संध्याकाळी सराव, आणि अनंत चतुर्दशीला मंडईपासून अलका चौकापर्यंत वादन, असं एक वेळापत्रकच पुण्याच्या तरुणाईच्या अंगात भिनलं. कुठल्याही कॉलेजच्या पोराला विचारा, त्याचा ऑगस्ट कुठे जातो ते.

तीच पोरं पुढे नोकरीसाठी इकडे आली आणि येताना हात घेऊन आली. म्हणून आज वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडला ‘बीट्स ऑफ वॉशिंग्टन’सारखी संस्था ढोल-ताशा-लेझीम घेऊन उभी आहे आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन अॅव्हेन्यूवर ऑगस्टमध्ये निघणाऱ्या इंडिया डे परेडमध्ये मराठी ढोल ऐकू येतो. यामागची खटपट बाहेरून दिसत नाही. ताशा कपड्यांत गुंडाळून बॅगेत बसतो. ढोलाचं तसं नाही. विमान कंपन्यांची लांबी, रुंदी आणि उंची मिळून ६२ इंचांची मर्यादा मोठा ढोल सहज ओलांडतो. त्यामुळे दहा-वीस ढोल एकत्र मागवायचे, ते जहाजाने यायचे, आणि आल्यावर ठेवायचे कुठे हा प्रश्न कुणाच्या तरी गॅरेजने सोडवायचा. त्या घरची गाडी मग हिवाळाभर बाहेर बर्फात उभी राहते. सरावाला जागा शोधायची तर वस्तीपासून लांब, शेजाऱ्यांची तक्रार येणार नाही अशी, वेळेचं बंधन पाळून. रस्त्यावर मिरवणूक काढायची तर शहराची परवानगी. वर्षानुवर्षं हे निभावणाऱ्या माणसांपुढे मी मनापासून हात जोडतो.

सरावाच्या ठिकाणी अर्धा तास आधी जा. त्या अर्ध्या तासात ढोल ताणले जात असतात, आणि मला विचाराल तर पथकाची परीक्षा तिथेच होते. एक जण ढोल आडवा धरून त्यावर गुडघ्याने दाब देतो, दुसरा दोन कड्यांमधून नागमोडी गेलेली दोरी एकेका वेढ्याने ओढत पुढे सरकतो. घाई करून एकाच बाजूला जोर लावला की पान एकीकडे ताठ आणि दुसरीकडे सैल राहतं, आणि मग ढोल घुमत नाही, नुसता बदबद वाजतो. म्हणून थोडं थोडं ओढत पूर्ण फेरी करायची, टिपरूचा एक ठोका देऊन ऐकायचं, पुन्हा फेरी करायची. दुसऱ्या बाजूला, जिथे हाताची थाप पडते तिथला आवाज वेगळा लागतो. तो जुळला की मगच गाठ पक्की करायची. पूर्वी कातड्याची पानं असताना पावसाळी हवेत ती उतरत, सारखी शेकावी लागत. आता बहुतेक ठिकाणी फायबरची पानं आली, तो त्रास कमी झाला, पण दोरी ओढणाऱ्याच्या तळहाताचे घट्टे काही गेलेले नाहीत.

हे काम पथकातले किती जण करतात ते बघा. दोनच माणसांना ढोल बांधता येत असेल आणि बाकीचे त्यांची वाट बघत गप्पा मारत असतील, तर त्या दोघांची बदली दुसऱ्या राज्यात झाली की ते पथक दोन वर्षांत थकतं. जिथे नवख्याला पहिल्याच दिवशी ‘ये, ही दोरी धर’ म्हणतात, तिथे बेलाशक नाव घाला.

परदेशात वाद्य टिकतं कसं, याची दोन उदाहरणं मला नेहमी आठवतात. पहिलं ताशाचंच आहे. १८४५ पासून पुढची सत्तर-बहात्तर वर्षं हिंदुस्थानातून, मुख्यतः भोजपुरी मुलखातून, गिरमिटिया मजूर त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले. त्यांच्याबरोबर ताशा गेला. मोहरमच्या ‘होसे’ मिरवणुकीत आणि हिंदूंच्या लग्नात तो वाजत राहिला. १८८४ मध्ये होसेच्या मिरवणुकीवर इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली, तरी वाद्य उतरलं नाही. त्यांच्या ताफ्यात पुढे खेळणारा ताशा ‘कटर’, त्याला धरून ठेवणारा ‘फुलर’, शिवाय एक मोठा ढोल आणि झांज. न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सच्या रिचमंड हिल भागात त्यांच्या वंशजांच्या फगव्याच्या, म्हणजे होळीच्या, मिरवणुकीत हा ताशा आजही ऐकायला मिळतो. मराठी माणसाने एकदा तरी जाऊन ऐकावा. कटर सुटतो तेव्हा आपले पाय आपोआप ठेका धरतात. दुसरं उदाहरण जपानी तायकोचं. लॉस एंजेलिसच्या सेनशिन बौद्ध मंदिरातल्या ‘किन्नारा तायको’ या गटाला १९६९ च्या सुमारास जपानी ढोल परवडत नव्हते. त्यांनी वाइनची रिकामी लाकडी पिंपं आणली, त्यांवर स्वतः कातडं चढवलं आणि त्यावर शिकले. अमेरिकेतल्या कित्येक तायको गटांनी पुढे हीच वाट धरली. वाद्य तयार करणारे, दुरुस्त करणारे हात जिथे तयार झाले तिथे कला रुजली. आपल्याकडेही पुढची काळजी हीच आहे. ढोल पुण्याहून येतीलच, पण ते बांधणारी माणसं इथे तयार व्हायला हवीत.

आता वादनाकडे कान लावा. नवखा माणूस ढोलाकडे बघतो. तुम्ही ताशाकडे बघा. ढोल कितीही असोत, लय ताशाच्या काड्यांवर चालते. सलग दहा मिनिटं वादन चालू द्या आणि लय पळते का ते ऐका. उत्साहाच्या भरात पथक पळणं हा सगळीकडचा आजार आहे, आणि तो ताशावालाच आवरू शकतो. चांगला ताशावाला जोरात वाजवत नाही, स्वच्छ वाजवतो. त्याची तर्री सुटी सुटी ऐकू येते, एकेक काडी वेगळी. हात बदलताना तो मागे वळून रांगेकडे बघतो, शेवटच्या रांगेतल्या काकूंनी ठोका उचलला की मगच पुढे जातो. नवीन माणसाला शिकवतानाही तो आधी ढोल देत नाही. तोंडाने बोल म्हणायला लावतो, मग टाळीवर, मग मांडीवर, आणि मग टिपरू हातात. हा क्रम पाळणारा दादा किंवा ताई ज्या पथकात आहे तिथे तुम्ही नक्की शिकाल, मग तुमचं वय बारा असो नाहीतर साठ.

कानांचं विचारायला लाजू नका. कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा विचार करणारी इथली ‘नायॉश’ ही सरकारी संस्था ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही मर्यादा सांगते, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी करते. १०० डेसिबलला १५ मिनिटं उरतात. ताशाच्या रांगेत आवाज त्याच्याही वर सहज जातो. सरावाला कानात बोळे घालायला सांगणारं, मुलांच्या कानावर मफ चढवल्याशिवाय त्यांना रांगेत उभं न करणारं पथक मला जास्त जिव्हाळ्याचं वाटतं. पाठीचंही तेच. ढोलाचा पट्टा कमरेला नीट कसा बांधायचा, वाकायचं कुठून, थांबायचं कधी, हे सांगायला कुणीतरी हवं.

पैशांचं स्पष्ट बोलून घ्यावं. काही पथकं सेवा म्हणून गणपतीलाच वाजवतात, काही लग्नांच्या, कंपन्यांच्या सुपाऱ्या घेतात. दोन्हींत काही वावगं नाही. नवीन पानं, दोऱ्या, गोदामाचं भाडं हे कुठून तरी आलंच पाहिजे. पण बिदागी किती आली आणि कुठे गेली याचा हिशोब सगळ्या वादकांसमोर मांडला जातो का, एवढं विचारा. आणि उन्हाळ्यातले किती शनिवार-रविवार द्यावे लागतील तेही विचारा. भारताची सहल, मुलांचे कॅम्प, ऑफिसची कामं सांभाळून तेवढे दिवस देता येत नसतील तर यंदा झांज घ्या किंवा पाणी वाटायला या, पुढच्या वर्षी ढोल घ्या. रांगेत एक ढोल अर्ध्या सरावावर आला की शेजारचे चार बिघडतात.

मुलांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. इथल्या हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये ड्रमलाइनला असलेली आपली मुलं पथकात आली की ताशा चटकन उचलतात. स्नेअर ड्रमवर मनगट तयार झालेलं असतं, काडीची उसळी कळलेली असते. या देशाची स्वतःची ढोलपथकांची परंपरा जबरदस्त आहे. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी ड्रम कोर उभे केले, १९७२ पासून ‘ड्रम कोर इंटरनॅशनल’च्या अजिंक्यपद स्पर्धा होतात, आणि अंतिम फेरीला इंडियानापोलिसचं लुकस ऑइल स्टेडियम दुमदुमतं. तिथे जाऊ इच्छिणारी मुलं कोर कसा निवडतात ते ऐकण्यासारखं आहे. आधी हिवाळ्यातल्या शिबिराला जातात, शिकवणारे कसे आहेत, बाकीची मुलं कशी आहेत ते अनुभवतात आणि मग ठरवतात. बाविशीच्या आसपास वयाच्या अटीमुळे त्यांना तो मैदानी संसार सोडावा लागतो. आपल्या पथकात मात्र आजोबा टोल देतात, नात झांज वाजवते आणि मधल्या पिढीच्या कमरेला ढोल असतो. एकाच घरातली तीन माणसं एका लयीत उभी करणारं दुसरं काही मला इथे सापडलेलं नाही.

या मुलांना त्यांच्या पद्धतीने शिकू द्या. कुणी आपले हात पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहून काढतं, कुणी फोनवर मेट्रोनोम लावून सराव करतं. त्यात बिघडत काही नाही. उलट पळणारी लय मेट्रोनोमने जागेवर येते. एखाद्या मुलीने स्नेअरवरची एखादी सफाईदार जागा ताशात आणली, तर जाणत्यांनी ती ऐकून घ्यावी आणि शोभत असेल तर बसवावी. ज्या पथकात पंधरा वर्षांच्या मुलीला एक पूर्ण हात पुढे उभं राहून चालवायला दिला जातो, तिथे माझं मत पडतं.

यंदाचे सराव शाळा सुटल्या की सुरू होतील. शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या पथकांचे सराव बघा, मुलांना बरोबर न्या, कानाचे बोळे आणि पाण्याच्या बाटल्या विसरू नका. कपडे साधे घाला आणि वेळेच्या आधी पोहोचा. दोरी ओढायला माणूस कमीच पडतो, त्यामुळे पहिल्या दिवसापासून तुम्हाला काम आहे.