निनावी कवट्या आणि आपली प्रार्थना

इटलीतील नेपल्स शहराच्या सानिता वस्तीत, मऊ ज्वालामुखी दगडाच्या एका जुन्या खाणीत फोंतानेल्ले ही अस्थिभूमी आहे. १६५६ च्या प्लेगमध्ये व १८३७ च्या कॉलऱ्यात मृत्यू पावलेल्या असंख्य लोकांच्या अस्थी तेथे आहेत. १८७२ मध्ये फादर गाएतानो बार्बाती यांनी वस्तीतील स्त्रियांच्या साहाय्याने त्या रचून ठेवल्या. आत शिरणाऱ्यास प्रथम यहेज्केलाने पाहिलेले शुष्क अस्थींचे खोरे आठवते. परंतु काही कवट्या लहानशा घरासारख्या पेट्यांत जपून ठेवलेल्या दिसतात, तेव्हा भय मावळून मनात प्रश्न उभा राहतो : या निनावी मृतांना घर दिले कोणी?

दिले ते वस्तीतील गोरगरिबांनी. एखादी कवटी दत्तक घ्यावी, ती पुसावी, तिच्यापुढे दिवा लावावा आणि शुद्धिस्थानातील त्या बेवारस आत्म्यासाठी प्रार्थना करावी, अशी तेथील रीत होती. दुसऱ्या महायुद्धातून ज्यांचे पती वा पुत्र परतले नाहीत, अशा स्त्रियांना या कवट्यांचा आधार वाटला. मात्र आत्म्याने स्वप्नात येऊन उपकार फेडावा, प्रसंगी लॉटरीचे आकडेही सांगावेत, अशी अपेक्षा असे. ती फळाला आली नाही, तर ती कवटी टाकून दुसरी घेतली जाई.

१९६९ मध्ये कार्डिनल कोर्रादो उर्सी यांनी या प्रथेस मनाई केली. सिद्धांताच्या दृष्टीने ती योग्यच होती. प्रार्थना हा सौदा नव्हे, आणि आपली आशा पुनरुत्थित प्रभूवर आहे, अस्थींवर नव्हे. तथापि मनाईने चूक थांबते, शोक थांबत नाही. त्या स्त्रियांचा दोष मृतांवर माया करण्यात नव्हता. त्या मायेचा मोबदला मागण्यात होता. हा भेद न करता जो धर्मशिक्षक अशा प्रथांना केवळ अंधश्रद्धा म्हणून हसतो, तो तणाबरोबर गहूही उपटतो.

आपल्याकडेही २ नोव्हेंबरला कबरस्तानात फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात. ज्या कबरीवर नाव आहे, तिच्याभोवती कुटुंब जमते. जिच्यावरील क्रूस केव्हाच मोडून पडला, तिच्यापाशी कोण थांबते? आपल्या मेंढरांना नावाने हाक मारणाऱ्या मेंढपाळाचे आपण सेवक आहोत. या वर्षी धर्मशिक्षणाच्या मुलांना घेऊन अशा एका कबरीपाशी उभे राहावे, आणि काहीही न मागता प्रार्थना करावी. नेपल्सच्या त्या गरीब स्त्रियांकडून एवढे शिकण्यास हरकत नसावी.