धुराडं कुठे गेलं?

आता हे बे-लीफ फार्महाउस बघा. केंटमधल्या चिडिंगस्टोनचं, पंधराव्या शतकातलं शेतघर. जलाशयात बुडणार होतं, म्हणून १९६८च्या सुमारास ते उतरवलं आणि ससेक्समध्ये सिंगलटनच्या संग्रहालयात पुन्हा उभं केलं.

ओकचा सांगाडा, कुडाच्या भिंती. मधल्या दालनावर माळा नाही. जमिनीवरच विस्तव, धूर छतातून वाट काढणार. खिडक्यांना काच नाही, नुसते लाकडी गज आणि झडपा. एका टोकाला मालकाची खोली, दुसऱ्या टोकाला अन्नपाण्याच्या कोठ्या. कोणाचा मान कुठे, हे घरच सांगतं.

सगळं स्वच्छ समजतं. माझी तक्रार तीच आहे. नंतरच्या पिढ्यांनी धुराडं बांधलं, दालनावर मजला घातला. पुनर्बांधणीत ते गाळलं आणि घर १५४०च्या सुमाराचं म्हणून मांडलं. मूळ रूपाचा आग्रह म्हणावा, तर मालकाच्या खोलीची बाजूसुद्धा सोळाव्या शतकातली, मागाहून बांधलेली! ती भर चालली, धुराड्याची का नाही?

घर वाचवलं, हे उपकारच. पण डोळे चुरचुरले म्हणून ज्यांनी घर बदललं, तेही इथले शेतकरीच होते. त्यांच्या वाट्याला एक कोपरा तरी यायला हवा होता.