तण नसलेलं शेत: 'चिल्ड्रन ऑफ द कॉर्न' पुन्हा पाहताना

आज रिसर्च मेथडॉलॉजीचं पुस्तक बाजूला ठेवू आणि १९८४ चा एक हॉरर सिनेमा घेऊ: 'चिल्ड्रन ऑफ द कॉर्न'. दिग्दर्शक फ्रिट्झ कीर्श, मूळ कथा स्टीफन किंगची. कथा १९७७ मध्ये मासिकात आली आणि पुढच्या वर्षी 'नाइट शिफ्ट' या संग्रहात गेली. सिनेमा आज पाहिला तर बऱ्याच ठिकाणी हसू येतं. त्यातला राक्षस म्हणजे जमिनीखालून घुशीसारखा सरकणारा मातीचा उंचवटा! पण तो नेमका कुठे फसला हे पाहिलं, तर सिनॉप्सिस लिहिणाऱ्याला कामाचं काहीतरी हाती लागतं. (पुढे शेवटही सांगितलाय, आधीच सांगून ठेवतो.)

गोष्ट अशी. बर्ट आणि विकी हे जोडपं गाडीने नेब्रास्कातून चाललंय. मक्यातून एक मुलगा रस्त्यावर येतो आणि गाडीखाली सापडतो. बर्ट उतरून बघतो, तर त्याचा गळा आधीच चिरलेला. दोघं जवळच्या गॅटलिन गावात जातात. तिथे मोठं माणूस एकही नाही.

कथेत इथून पुढे बर्ट जे करतो ते चक्क फील्डवर्क आहे. गाव वर्षानुवर्षं थांबल्यासारखं का दिसतं, हे तो बघतो. चर्चमध्ये त्याला एक नोंदवही सापडते. त्यात नावं, जन्मतारखा आणि काहींच्या पुढे मृत्यूच्या तारखा. तो वजाबाकी करतो आणि प्रत्येक वेळी उत्तर येतं १९. भीती वाटते ती या वजाबाकीची. कुणी काही समजावून सांगत नाही. दोन रकान्यांवरून आपणच निष्कर्षापर्यंत जातो आणि तिथे पोचल्यावर वाटतं, पोचलोच नसतो तर बरं.

सिनेमात काय होतं? पहिल्याच प्रसंगात मुलं हॉटेलातल्या मोठ्या माणसांना मारून टाकतात. वर एका लहान मुलाचा आवाज सगळं सांगतोही. म्हणजे जोडपं गावात शिरण्याआधीच उत्तर आपल्या हातात. मग बर्ट जे जे शोधतो तो पुरावा राहत नाही, पाठ केलेल्या उत्तराची उजळणी होते. आपल्या कितीतरी सिनॉप्सिसमध्ये हेच होतं ना? निष्कर्ष पहिल्या पानावर ठरलेला, आणि डेटा त्याच्या मागे हजेरी लावायला.

कथेतला सगळ्यात भारी पुरावा मात्र वेगळाच आहे. जीव वाचवायला बर्ट मक्यात पळतो आणि त्याच्या लक्षात येतं, की या शेतात तण नाही. एकसुद्धा नाही. शहरातल्या वाचकाला ही ओळ साधी वाटेल. आमच्या देऊळगाव राजाकडच्या कुणाही शेतकऱ्याला विचारा. पावसाळ्यात आठ दिवस निंदण लांबलं तर तासात पाय ठेवता येत नाही. २०१८ पासून तर लष्करी अळीही आली, त्यामुळे पोंग्यात छिद्र नसलेला मका दिसला तर आधी शंकाच यावी. निंदणी नाही, फवारणी नाही, तरी शेत स्वच्छ? तो माणूस राक्षस दिसायची वाट बघणार नाही, तिथूनच मागे फिरेल.

जे असायला हवं ते नसणं, हाही डेटाच. पण तो दिसायला आधी 'काय असायला हवं' हे माहीत लागतं. लिटरेचर रिव्ह्यू करायचा तो यासाठी, संदर्भांची संख्या वाढवायला नाही.

किंगच्या कथा आपल्या मातीत रुजतात का? रुजतात. नारायण धारपांनी त्याच्या 'ग्रॅमा' या कथेवरून 'आजी' लिहिली, आणि 'तुंबाड' (२०१८) च्या मुळाशी धारपांची गोष्ट आहे. घरातली म्हातारी सगळीकडे असते, म्हणून ते जमलं. मक्याची कथा मात्र तशीच्या तशी उचलता येणार नाही. नेब्रास्कात मैलोन् मैल एकच पीक उभं असतं. आपल्याकडे चार-दोन एकरांवर धुरा लागतो, पलीकडे कुणाचं सोयाबीन, कुणाची कपाशी, आणि हाक मारली तर कुणीतरी 'ओ' देतंच. भीतीलाही तिचं क्षेत्र लागतं. दुसरीकडची थिअरी आपल्या फील्डवर लावताना हा धुरा आधी तपासावा.

सिनेमात चांगलं काहीच नाही, असं नाही. आयझॅक या बाल-धर्मगुरूचं काम जॉन फ्रँकलिन या विशीतल्या नटाने केलंय. चेहरा मुलाचा, नजर मोठ्या माणसाची. जोनाथन इलायसच्या संगीतातले मुलांचे आवाजही अंगावर येतात. दोन्ही गोष्टी चालतात, कारण त्यांचा खुलासा कुणी करत नाही. आणि न्यायाने बोलायचं तर किंगही शेवटी राक्षस दाखवतो. पण दोन-तीन ओळींत, आणि आपला हिशोब पूर्ण झाल्यावर.

शेवटात तर दोघांच्या वाटाच वेगळ्या. कथेत जोडपं मरतं आणि मुलांच्या बळीची वयोमर्यादा १९ वरून १८ वर येते. रूथ नावाच्या गरोदर मुलीला तो मका पेटवून द्यावासा वाटतो, पण तिची हिंमत होत नाही. सिनेमात बर्ट तेच शेत पेटवतो आणि सगळे सुखरूप निघतात. रूथला जे नुसतं मनात आणायचीही भीती वाटत होती, ते बाहेरून आलेला पाहुणा एका रात्रीत उरकतो. आत राहणाऱ्यांचा प्रश्न त्या धुरात नाहीसाच होतो. माझ्या मते सिनेमाचा खरा दोष स्वस्तातला राक्षस नाही, हा आहे.

एक सराव सुचवतो. आधी कथा वाचा. खुलासा होण्याआधी किती पुरावे मिळतात, ते वहीत उतरवा. मग सिनेमा बघा आणि त्यातले किती उरले ते मोजा. नंतर हीच वही स्वतःच्या सिनॉप्सिसशेजारी ठेवा.