मालवणचे नाट्यगृह आणि दशावताराची बोली

मालवणसारख्या लहान बंदरगावी नाट्यप्रयोगाची प्रामुख्याने दोन स्थाने आहेत: देवळाचा सभामंडप आणि नगरपरिषदेचे मामा वरेरकर नाट्यगृह. नाट्यगृहाची चर्चा बहुधा आसने, दिवे व ध्वनियोजना यांपुरतीच होते. जागेबरोबर भाषेची व्यवस्थाही पालटते, हे तीत ध्यानी घेतले जात नाही.

जत्रेच्या रात्री पालखीनंतर सुरू होणारा दशावतार पहाटे दहीकाल्याने संपतो. त्याला लिखित संहिता नसते. संवाद नट ऐनवेळी रचतात. आडदशावतार या पूर्वरंगातील संकासुर मालवणीत बोलतो, तर आख्यानातील देव व राजे ग्रांथिक मराठीत. या दोन भाषारूपांतील विरोध हा प्रयोगाचा एक मुख्य आधार होय.

वरेरकर (१८८३–१९६४) हे लिखित नाटकाचे कर्ते. त्यांच्या नावाच्या वास्तूत प्रयोग घड्याळाच्या हिशेबाने बसवावा लागतो. अशा वेळी आख्यान राखून पूर्वरंग गाळणे सोयीचे ठरते. परंतु संकासुराबरोबर बोलीचे हक्काचे स्थानही जाते. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० मध्ये मालवणीला व्यावसायिक रंगमंचावर प्रमुख भाषेचा मान मिळवून दिला, हे खरे, तथापि तो मान मुख्यतः प्रहसनाच्या द्वारे आला, आणि तोही लिखित संहितेतून.

म्हणून सभामंडप श्रेष्ठ की नाट्यगृह, हा वाद निष्फळ आहे. नाट्यगृहाने वर्षातून एक रात्र पूर्वरंगासह अखंड दशावतारास द्यावी व ती ध्वनिमुद्रित करावी. तसे झाल्यास या अलिखित संवादांचा पाठ अभ्यासकांस उपलब्ध होईल, आणि नाट्यगृहाचे मूल्यमापन केवळ आसनसंख्येवरून करण्याचे कारण उरणार नाही.