नेढे आणि त्याचे छायाचित्र

पेण येथील एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात नुकतीच दोन छायाचित्रे शेजारी ठेवून पाहण्याचा योग आला. पहिले अमेरिकेतील यूटा राज्याच्या वाळवंटात उभ्या असलेल्या ‘डेलिकेट आर्च’ या सुप्रसिद्ध पाषाणकमानीचे. ते स्नेह्यांच्या कन्येने तिकडून काढून पाठविलेले. दुसरे आपल्या सह्याद्रीतील रतनगडाच्या नेढ्याचे. ते रोह्याहून आलेल्या आमच्या एका शिक्षकमित्राने काढलेले. ‘दोहोंत सरस कोणते?’ असे यजमानांनी विचारले. त्या दिवशी भिडेने दिले नाही ते उत्तर येथे देतो.

पहिल्या चित्राची सफाई निर्विवाद आहे. मावळतीच्या उन्हात तो वालुकाश्म निखाऱ्यासारखा दिसतो. कमानीचा गाळा सुमारे 46 फूट उंच, आणि मागे ला साल पर्वताचे बर्फ. परंतु हेच दृश्य, याच जागेवरून, याच घटकेस टिपलेले आपण शेकडो वेळा पाहिले आहे; यूटातील मोटारींच्या पाट्यांवरही ही कमान आहे. नवे एवढेच की कमानीखाली जावई दोन्ही हात पसरून उभे आहेत. माणूस मापासाठी असता तर तक्रार नव्हती. येथे कमान माणसाची मखर झाली आहे.

दुसऱ्या चित्रात दोष पुष्कळ. क्षितिज कललेले, एक बाजू अस्पष्ट. पण मित्राने ते नेढ्याच्या आत बसून काढले आहे. भोवती काळ्या कातळाची कड, मध्ये धुकट दरी, तिच्यापलीकडे एकामागून एक फिकट होत जाणाऱ्या डोंगररांगा. आणि खालच्या कोपऱ्यात, शेजारी बसलेल्या कोणाच्या तरी पदराचे वाऱ्याने उडालेले टोक. त्या टोकामुळे नेढ्यातून भणाणणारा वारा चित्रात आला आहे.

आपल्या भाषेने या वस्तूस सुईच्या भोकाचे नाव दिले, यात मोठी मार्मिकता आहे. कमान म्हटले की दगड डोळ्यांपुढे येतो, नेढे म्हटले की पोकळी. सुईचे नेढे दोरा ओवण्यासाठी असते, तसे डोंगराचे नेढे दृष्टी ओवण्यासाठी. पेणच्या वाचकांस हे अधिक सांगावयास नको. गणेशमूर्ती साच्यातून निघाली, रंगली, तरी डोळ्यांची आखणी होईपर्यंत ती मातीच असते. कुशल हात फिरला की ती आपल्याकडे पाहू लागते. पहिल्या चित्रात डोळ्याची खोबण उत्तम उतरली आहे. नजर आहे ती दुसऱ्यात.

यावर कोणी म्हणेल की यूटातील कमान मोकळी, एकटी उभी आहे. ती दुरूनच पाहावयाची. हे आम्हांस मान्य आहे. पण मग तिला तिच्या एकटेपणातच दाखवावे. चित्राचा मोह वस्तूहून मोठा झाला म्हणजे काय होते, हे या कमानीनेच भोगले आहे : 2000 साली रात्रीच्या छायाचित्रासाठी तिच्यापाशी आग पेटविण्यात आली आणि दगडावर डाग उमटले. पाणी, हिम आणि वारा जी भोके पाडतात, तीच ती पुढे मोडतातही. 2008 च्या ऑगस्टात त्याच राष्ट्रीय उद्यानातील ‘वॉल आर्च’ एका रात्रीत कोसळली. जे असे जाणार आहे त्याच्यासमोर हात पसरून उभे राहण्यापेक्षा त्यातून एकवार डोळे भरून पाहून घेणे बरे.

आमच्या स्नेह्यांनी ते चित्र भिंतीवर लावले ते कमानीसाठी नव्हे, लेकीसाठी, हे आम्ही जाणतो. आणि त्या नात्याने ते तेथे शोभतेही. पण खरी उणीव तीच आहे. लेक चित्रात नाही, कारण यंत्र तिच्या हाती होते. आणि तिने तेथे काय पाहिले तेही चित्रात नाही. रोह्याच्या मित्राचा चेहराही त्याच्या चित्रात नाही, तरी तो कोठे बसला होता, कोण शेजारी होते आणि त्याचे मन कोठवर गेले, हे सारे त्यात आहे. कन्या पुन्हा तेथे गेली तर तिने कमानीखाली बसून, पाठ तिच्या दगडास लावून, पलीकडचे एक चित्र काढून धाडावे. ते कललेले असले तरी चालेल. पेणमध्ये बसलेल्या बापास त्यातून लेकीच्या डोळ्यांनी पाहता येईल.