'स्त्रीपुरुषतुलना' : आशय, पद्धती व मर्यादा

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात स्त्रीप्रश्नावर विपुल लेखन झाले. परंतु त्यातील बहुतांश लेखन पुरुष सुधारकांचे होते. या पार्श्वभूमीवर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा १८८२ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झालेला 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध वेगळा ठरतो. संतप्त स्त्रीचा उद्गार म्हणून त्याचा उल्लेख वारंवार केला जातो. त्यामागील विचारपद्धतीकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा व तिच्या मर्यादांचा विचार केला आहे.

निर्मितीची पार्श्वभूमी :
१८८१ मध्ये सुरत येथे विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. पुढे अपिलात ती सौम्य झाली. या निमित्ताने 'पुणेवैभव' या पत्रातून स्त्रीजातीवर टीका झाली. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता. परंतु उच्चवर्णीय समाजाने तो स्वीकारला नव्हता. म्हणजेच विधवेचा विवाह रोखणारा समाजच तिच्या कृत्याचा न्याय करीत होता. ताराबाईंच्या लेखनाचा उगम या विसंगतीत आहे.

तुलनेची पद्धती :
साहस, कपट, अविश्वास इत्यादी जे दोष परंपरेने स्त्रियांच्या माथी मारले, ते एकेक घेऊन पुरुषांच्या वर्तनाशी ताडून पाहणे, ही या निबंधाची रचना आहे. लेखिका स्त्रीला निर्दोष ठरवीत नाही; एकाच कृतीसाठी दोन मापे का, असा प्रश्न ती विचारते. इंग्रजी पोशाख व राहणी सहज स्वीकारणारा पुरुष विधवेच्या विवाहाचा प्रश्न येताच धर्माची आठवण काढतो, हे ती उपरोधाने दाखवते. धर्मग्रंथांबरोबर समकालीन कथात्मक वाङ्मयातील स्त्रीचित्रणाचीही ती झडती घेते. त्यामुळे हा निबंध मराठीतील स्त्रीवादी समीक्षेचा प्रारंभबिंदू मानता येतो.

मर्यादा :
पातिव्रत्याचा आदर्श या निबंधात पूर्णपणे नाकारलेला नाही. पतीने योग्य वागावे म्हणजे पत्नीचा धर्म सार्थ होईल, असा सूर काही ठिकाणी उमटतो. विवाहसंस्थेला पर्याय येथे सुचविलेला नाही. तथापि पातिव्रत्याची अट पुरुषालाही लागू करताच त्या आदर्शाचा पायाच डळमळू लागतो, हेही लक्षात घेतले पाहिजे.

उपेक्षा व पुनर्शोध :
या निबंधास विरोध झाला, तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर मात्र ग्रंथ विस्मृतीत गेला. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रकाशित केला. मधली ९३ वर्षे मराठी वाङ्मयेतिहासाला या ग्रंथाची उणीव भासली नाही, ही बाब केवळ योगायोगाची मानता येत नाही. कोणाचे लेखन 'वाङ्मय' आणि कोणाचे 'आक्रोश' ठरवायचे, या निवडीतही दोन मापे कार्यरत होती.

समारोप :
'स्त्रीपुरुषतुलना'चे महत्त्व 'पहिली स्त्रीवादी लेखिका' या बिरुदापुरते मर्यादित करणे योग्य नव्हे. असे बिरुद देऊन ग्रंथ न वाचणे ही उपेक्षेचीच सभ्य रीत होय. अभ्यासक्रमात या ग्रंथाला स्थान द्यावयाचे, तर त्यातील तुलनेची कसोटी आजच्या कुटुंबाला, न्यायव्यवस्थेला व महाविद्यालयालाही लावण्याची तयारी ठेवावी लागेल.