कपाटाची किल्ली

मराठी ललितगद्यात फर्निचर पुष्कळ आहे. आजोबांची आरामखुर्ची, माजघरातला झोपाळा, शिसवी पलंग. लिहिणारा बहुधा नातू असतो, वस्तू त्याला सुट्टीत भेटलेली असते आणि ती गेल्याच्या हळहळीवर लेख संपतो. असा एक लेख मीही लिहिला होता, आमच्या रे रोडच्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर. तो आज मला अपुरा वाटतो. का, ते सांगण्यासाठी हे टिपण.

गोदरेजने १८९७ मध्ये लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली आणि १९२३ पासून पोलादी कपाटं. पुढे ते नाव इतकं रुळलं की गिरणगावात कुठल्याही लोखंडी कपाटाला 'गोदरेज'च म्हणत. आमचंही 'गोदरेज' जवळच्याच एका वर्कशॉपात ठोकलेलं होतं. त्याचा पत्रा दारूखान्यात तोडलेल्या एखाद्या जहाजाचा असावा, असं मी लेखात सुचवलं होतं. जहाजाचा पत्रा कपाटाला फार जाड पडतो, हे मला ठाऊक होतं. पण वाक्य चांगलं जमलं होतं.

बाकीचे तपशील खरे होते. कपाट विटांवर उभं, खाली चपला आणि पाट, वर ट्रंक आणि गणपतीचं मखर. दारावरच्या आरशात वडील दाढी करत. हार्बरची गाडी गेली की हँडल किणकिणायचं. दहा बाय बाराच्या खोलीत कपाटाचं उघडलेलं दार हाच बायकांचा आडोसा; आई आणि ताई त्याच्यामागे साडी बदलत.

लेख वाचून ताई म्हणाली, "छान लिहिलंयस रे. पण लॉकरची किल्ली कुठे असायची, ते नाही लिहिलंस."

किल्ली वडिलांच्या करगोट्याला असायची. लॉकरमध्ये आईच्या पाटल्या होत्या आणि ताईचा शाळा सोडल्याचा दाखला. कॉलेजच्या प्रवेशाची मुदत संपेपर्यंत तो बाहेर आला नाही. फी एकाचीच भरता येईल, असं वडील म्हणाले होते. तो एक म्हणजे मी. हे मला माहीत होतं. लेखात त्याला जागा सापडली नव्हती.

यासंदर्भात महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'कडे पुन्हा गेलो. विजया मेहतांनी १९८५ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या या नाटकाबद्दल बोलताना आपण ढासळता वाडा, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर यांच्याविषयी भरभरून बोलतो. मला आता त्यातले दागिने महत्त्वाचे वाटतात. रात्री ते बाहेर निघतात, वहिनी अंगावर घालून बघते, आणि शेवटी रंजू ते घेऊन पळते. त्याच घरात प्रभा आहे, जिला शिकायचं होतं आणि वडिलांनी शिकू दिलं नाही. वाड्याबद्दल हळहळावं असं नाटकात पुष्कळ आहे. पण एलकुंचवार प्रभाला नजरेआड होऊ देत नाहीत. घरातली मौल्यवान वस्तू कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याची किंमत कोण देतंय, हे ते शेवटपर्यंत दाखवत राहतात.

आपल्या स्मरणलेखनात नेमकं हेच गळतं. वस्तू देखणी होते आणि घरातले व्यवहार पुसले जातात. हा दोष वाडा आठवणाऱ्यांचाच, असं मी समजत होतो. खोलीत वाढलेला माणूस असं लिहिणार नाही, अशी माझी ऐट होती. ती खरी नव्हती. हँडलची किणकिण मी ऐकली ती जमिनीवर पुस्तक उघडून बसलेला असताना. ताई तेव्हा मोरीत भांडी घासत होती.

म्हणून हल्ली असा लेख वाचताना मी एवढंच पाहतो: खुर्चीवर कोण बसत होतं, हे आलंय, कोणाला बसता येत नव्हतं, हे आलंय का?

कपाट आता ताईकडे, डोंबिवलीला आहे. लॉकरची किल्ली लॉकरलाच लावलेली असते.